आधी हप्ता भरून बघ, घर मग घे

आधी एक सांग, पुढची सात-आठ वर्षं तू याच शहरात असशील का? खात्री नसेल तर खुशाल भाड्याने राहा. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, असं चारजण म्हणतील. मग व्याजाचं काय? 9 टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज घेतलंस तर पहिल्या हप्त्यातले 100 मधले 83 व्याजातच जातात आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या दुपटीवर जाते. मी हा परतफेडीचा तक्ता कर्जाच्या कागदांवर सही केल्यानंतर बघितला, पोटात गोळाच आला.

तू असं कर. होणारा हप्ता, देखभाल आणि घराचा कर यांची बेरीज कर, त्यातून आजचं भाडं वजा कर. उरेल ती रक्कम सहा महिने पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाक. तिसऱ्याच महिन्यात त्याला हात लावावा लागला, तर घर अजून झेपणारं नाही. जमलं तर उत्तमच, डाउन पेमेंटला तेवढीच भर.

फक्त सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये ओतू नकोस. नोंदणी, रंग, गळका नळ, अगदी पडद्यांचे रॉडसुद्धा चावी मिळाल्यावरच आठवतात.