युरोपियन स्टडीजचा मायनर घ्यायचा तर काय काय लागतं?

तुमचा प्रश्न असा: धुळ्याहून अमेरिकेत अर्थशास्त्रात बी.ए. करायला निघालात, सोबत युरोपियन स्टडीजचा, म्हणजे युरोपच्या अभ्यासाचा, मायनर (दुय्यम विषय) घ्यायचा आहे, तर अटी काय असतात?

मी चोपड्याचा. माझी मेजर-मायनरची (मुख्य-दुय्यम विषयांची) जोडी हीच होती, आणि दुधाने तोंड पोळून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर.

कागदावर मायनर हलका दिसतो. साधारण 15 ते 18 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप), म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे पाच-सहा कोर्स. एक प्राथमिक कोर्स बहुधा सक्तीचा. बाकीचे इतिहास, राज्यशास्त्र, साहित्य, कला यांतून, पण सगळे एकाच विभागातले चालत नाहीत. काही वरच्या पातळीचे लागतात. पास-फेल पद्धतीने (श्रेणीऐवजी नुसतं पास किंवा नापास) घेतलेला कोर्स सहसा धरत नाहीत. आकडे विद्यापीठागणिक बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षाचा कॅटलॉग (विद्यापीठाची कोर्स आणि नियमांची पुस्तिका) आत्ताच उतरवून ठेवा.

खरी मेख भाषेत आहे. बऱ्याच ठिकाणी एखादी युरोपीय भाषा दोन वर्षांच्या, म्हणजे चार सेमिस्टरच्या पातळीपर्यंत यावी लागते, आणि पहिल्या वर्षाचे भाषेचे कोर्स अनेकदा मायनरच्या क्रेडिटांत मोजतच नाहीत. इंग्रजी चालत नाही, ती युरोपातलीच असली तरी! मला सल्लागार म्हणाले, भाषेचं नंतर बघू. मीही बघितलं नाही. तिसऱ्या वर्षी जर्मन सुरू केली आणि एक अख्खी उन्हाळी सुट्टी तिच्यात गेली. घरी केळीची कापणी चालू, आणि मी खोलीत बसून चमचा 'डेर', काटा 'डी', सुरी 'डास' असं घोकतोय. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून ठाऊक, म्हणून वाटलं सोपं जाईल. पण आपला काटा 'तो', त्यांचा 'ती'. आपली सुरी 'ती', त्यांची 'ते'. डोकं गरगरायचं.

म्हणून जायच्या आधीच सुरुवात करा. पुण्यात जर्मनसाठी मॅक्सम्युलर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज. भाषेच्या ए1 (अगदी सुरुवातीची) ते सी2 (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्या असतात. पहिल्या दोन इथेच झाल्या, तर तिकडच्या प्लेसमेंट (पातळी ठरवणाऱ्या) परीक्षेनंतर वरच्या वर्गात बसवू शकतात आणि भाषेच्या एक-दोन सेमिस्टरच्या कोर्सची फी वाचू शकते. ती फी किती असते ते तुम्हाला आत्तापर्यंत कळलंच असेल.

दुसरा खड्डा: एकच कोर्स मेजर आणि मायनर दोन्हीकडे धरायला मर्यादा असते, बहुतेक एक किंवा दोन. 'युरोपीय संघाची अर्थव्यवस्था' असा कोर्स दिसला की अर्थशास्त्रवाल्याला दोन्हीकडे लावायचा मोह होतो. विभागाला आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. युरोपात सेमिस्टर करणार असाल, तर तिथल्या कोर्सनाही निघण्यापूर्वीच मंजुरी घ्या.

विषय ब्रसेल्सपुरता, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारापुरता नाही, हेही सांगतो. माझा शेवटचा निबंध खान्देशच्या कापसावर होता. 1861 ते 1865 च्या अमेरिकेतल्या यादवीत इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. युद्ध संपलं, भाव कोसळले. प्राध्यापकांनी पहिल्यांदा विचारलं, यात युरोप कुठे आहे? मी म्हणालो, गिरणीत. निबंध मंजूर झाला.