पिस्टनची फट की मोकळीक?

प्रश्न धुळ्याहून आला आहे. एक वाचक गाडीचं इंजिन खोलून जास्त ताकदीसाठी पुन्हा बांधतायत. नवे पिस्टन, वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), आणि कामाची नोंदवही चक्क मराठीत. त्यात त्यांनी लिहिलं, ‘आज पिस्टनची फट तपासली.’ मिस्तरीने ते वाचलं आणि म्हणाला, “पिस्टनले फट पडनी? मंग फेकी द्या ना भाऊ!” आता ते विचारतात, क्लिअरन्सला, म्हणजे दोन भागांमध्ये मुद्दाम सोडलेल्या जागेला, मराठीत म्हणायचं तरी काय?

मिस्तरीचं बरोबर आहे. घोटाळा षष्ठीने केलाय. ‘भिंतीची फट’ म्हटलं की ती भिंतीतच असते. ‘पिस्टन आणि सिलिंडरमधली फट’ असं लिहिलं असतं तर कोणी हसलं नसतं. भुसावळकडे रुळांच्या सांध्यात उन्हाळ्यासाठी ठेवलेल्या जागेला फटच म्हणतात की. पण तिथे क्रियापद ‘ठेवणे’ आहे. एरवी फट पडते, आणि पडलेली फट म्हणजे बिघाड.

मला वाटतं, इथे नामापेक्षा क्रियापदाकडे बघावं. मोकळीक आपण देतो, ठेवतो. खेळ येतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, झिजून पिस्टन खडखडायला लागला की ‘खेळ आला’ म्हणतात. नव्या इंजिनात मोजून ठेवतात ती मोकळीक. इंग्रजी शब्दाच्या मागे लागून दोन्हीला एकच नाव दिलं तर मराठीत आहे तो फरक आपणच घालवू.

ही मोकळीक लागते कशाला? जळगावात एका रिबोअरवाल्याने मला तीन शब्दांत सांगितलं होतं, “तपना का फुगस.” ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतो, बिडाचा बोअर त्याच्या निम्माच. म्हणून थंड असतानाच जागा सोडायची. साध्या ओतीव पिस्टनला साधारण एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, पुरतात. रेसिंगचे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन जास्त फुगतात, त्यांना तीन ते पाच किंवा त्याहूनही जास्त लागतात. नेमका आकडा पिस्टनबरोबर येणाऱ्या कागदावर असतो, तो पाळायचा. आणि नोंदवहीत ‘सूतभर मोकळीक’ असं लाडाने लिहू नका. लेथवर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, १२५ थाऊ! बोलण्यातलं सूतभर आणि कारखान्यातलं सूत यांचं जमत नाही.

पण तुमचं काम इथे संपत नाही. कॅमशाफ्ट बदललाय, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातली जागाही बघायला हवी. या जागेला मी मोकळीक म्हणणार नाही. दोन्ही हलतायत, क्षणाक्षणाला जवळ-लांब होतायत. त्यांच्यात असतं ते अंतर. फक्त ‘अंतर देणे’ टाळा, त्याचा अर्थ सोडून देणे, दगा देणे. अंतर राखायचं.

ते मोजताना बघण्यासारखं असतं. पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हसाठी कोरलेल्या खाचांमध्ये मुलांच्या खेळण्यातली मऊ रंगीत माती थापायची. चिकटू नये म्हणून व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावायचं. जुनं, दबलेलं गॅस्केट टाकून हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, ठरलेल्या टॉर्कने आवळायचं, कॅम आणि क्रँकचं टायमिंग जुळवायचं आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. मग हेड उचलून माती ब्लेडने बर्फीसारखी कापायची आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरने मोजायची. मी पाहिलं तेव्हा हिरव्या मातीत व्हॉल्व्हची गोल कड अशी उमटली होती, जशी ओल्या पिठात वाटीची कड.

इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला निदान दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हला अडीच, हा सर्वसाधारण हिशोब. एक्झॉस्टला जास्त, कारण तो जास्त तापतो, आणि तो बंद होत असताना पिस्टन खालून त्याच्या मागे लागलेला असतो. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधले टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असतील तर मोजण्यापुरते ठोस बसवा, नाहीतर ते दबतात आणि अंतर खोटं जास्त दिसतं.

तर नोंदवहीत असं लिहा: ‘बोअरमधली पिस्टनची मोकळीक मोजली, पिस्टन-व्हॉल्व्ह अंतर पाहिलं.’ क्लिअरन्स लिहिलंत तरी माझी हरकत नाही, मिस्तरी तेच म्हणतो. आणि तुमची फट वाया जाणार नाही. पिस्टनभोवतीची, एका जागी कापलेली रिंग बोअरमध्ये सरळ बसवली की तिच्या दोन टोकांमध्ये जी उरते, फिलर गेजची पाती घालून मोजतात, ती मात्र फटच. तिथे ‘रिंगची फट’ लिहा, मिस्तरी हसणार नाही.