मुलं आजीपाशीच राहू देत, पण बालसंगोपनाचा फॉर्म इथे चालणार नाही

ताई, तुमची अडचण थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव. भाऊ गोव्यात कामावर असताना वारला. वहिनी म्हापशाला घरकाम करते, महिन्यातून एकदा येते. सातवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा आजीजवळ. गावकरी म्हणतात, दोघांना आश्रमात घाला. आणि व्हॉट्सॲपवर आलेला बालसंगोपनाचा फॉर्म भरू का, असं तुम्ही विचारलंय.

तो फॉर्म भरू नका. ती महाराष्ट्र सरकारची योजना. चंदगडच्या तुमच्या पाहुण्यांना तिचे महिना २,२५० मिळत असतील, पण तुमचं रेशन कार्ड कर्नाटकाचं. आपण बातम्या कोल्हापूरच्या वाचतो आणि कचेरी आपली बेळगावची, त्यामुळे हा घोळ आपल्या भागात घरोघरी होतो. कितीतरी बायकांनी झेरॉक्सवर पैसे घालवलेले मी पाहिलेत.

इथे मिळते ती केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली मदत, तिला सगळे स्पॉन्सरशिपच म्हणतात. दर मुलामागे महिना ४,००० रुपये. वडील गेलेत, आई विधवा आहे आणि मुलं घरात राहून शाळा शिकतायत, अशा घरांसाठीच ती आहे. वर्षाचं उत्पन्न खेड्यात ७२,००० आणि शहरात ९६,००० च्या आत हवं. वहिनीची गोव्यातली कमाईही त्यात येते. लपवू नका, चौकशीला आलेले विचारतातच.

आता आश्रमाचं. मी चोवीस वर्षं अंगणवाडीत होते. सुरुवातीच्या काळात आमच्या वाडीतली दोन भावंडं अशीच आजीकडे होती. म्हातारीला झेपेना, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तिला तयार केलं. मुलांची आणि मुलींची वसतिगृहं वेगळी असतात, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. बहीण एका गावी, भाऊ दुसऱ्या. दिवाळीला दोघं घरी आली तर धाकटा बहिणीचा पदर सोडेना, रात्री झोपेतही धरून होता. त्यांना घरीच ठेवून मदत मिळवता येते का, हे मी तेव्हा विचारलंसुद्धा नव्हतं. ते मला अजून टोचतं.

२०१५ चा बालन्याय कायदाही हेच सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. नुसती गरिबी आहे म्हणून मुलं घराबाहेर काढायची नसतात. कधी तशी वेळ आलीच, तर संस्था नोंदणी झालेली हवी आणि मूल आधी बालकल्याण समितीपुढे न्यायला हवं. कुणी ओळखीचा माणूस गाडी घेऊन येतो आणि नेतो, असं होऊ देऊ नका. मूलबाळ नसलेलं कुणी 'मुलगी आम्हाला द्या, बॉण्ड करू' म्हणालं, तरी नाही म्हणा. स्टँप पेपरवर मूल दत्तक जात नाही.

अर्ज द्यायचा बेळगावला, जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे. पाटी कन्नडमध्ये असेल, म्हणून विचारताना 'मक्कळ रक्षणा घटक' म्हणा, लगेच दाखवतील. बालकल्याण समितीला 'मक्कळ कल्याण समिती'. अर्जानंतर समाजसेविका घरी येऊन पाहून अहवाल करते, आणि मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीत होते. लगेच पैसे येतील असं धरू नका, पाठपुरावा लागतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

कागदांत दोन ठिकाणी अडेल. पहिलं म्हणजे भावाचा मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथे होतो तिथेच नोंद होते, त्यामुळे तो गोव्यातल्या त्या पंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडूनच आणावा लागेल. ते काम वहिनीवर सोपवा, ती तिथेच आहे. दुसरं म्हणजे नावं. आपल्याकडे ज्ञानेश्वर आधारवर इंग्रजी डी (D) अक्षराने आणि शाळेत जे (J) अक्षराने लिहिलेला असतो. कन्नडमधून इंग्रजीत जाताना अक्षरं बदलतात. आधी सगळे कागद एका रांगेत मांडून नावं ताडून बघा, चूक असेल तर आधार दुरुस्त करून मगच पुढे जा. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसुलाची स्थानिक कचेरी), शाळेचं व्यासंग प्रमाणपत्र, म्हणजे मूल त्या शाळेत शिकतं याचा दाखला, मुख्याध्यापकांकडून.

कन्नड लिहिता येत नाही म्हणून एजंटाला पैसे देऊ नका. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे तक्रारअर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतो, त्यामुळे दाद मागायची वेळ आली तर मराठीत मागा. पण छापील फॉर्म मात्र शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंकडून भरून घ्या. काम लवकर होतं, आणि आपल्याला तर काम व्हायला हवंय.

वहिनीचं विधवा वेतन सुरू झालंय का? महिना ८०० आहेत, पण सोडू नका. आजी रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख असेल तर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० तिच्या खात्यावर यायला हवेत. मुलीला सरकारी हॉस्टेलात घालायचा विचार असेल तर आधी घटकात विचारा, हॉस्टेलात गेलेल्या मुलाची स्पॉन्सरशिप थांबते.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक लिहिते. सातवीतली पोर, बाप नाही, म्हातारी आजी, अशा घरात दोन वर्षांत स्थळं यायला लागतात. 'हद्दीपलीकडे चंदगडात उरकू' असं कुणी सुचवेल. बालविवाहाचा कायदा दोन्हीकडे तोच आहे, आणि कर्नाटकात तर असं लग्न मुळातूनच रद्द ठरतं. कानावर आलं तर १०९८ लावा, रात्रीही उचलतात.

वहिनी चवथीला, गणपतीला, येईल ना? त्याआधी नाडकचेरीचं उरकून ठेवा आणि मुलांची खाती उघडा. म्हणजे ती असतानाच आजीला आणि दोन्ही मुलांना घेऊन बेळगावला जाऊन येता येईल. आईची सही लागेल, आणि त्यासाठी तिचा कामाचा दिवस पुन्हा बुडायला नको.