छतावरचा डाग आणि कोपऱ्यातले ठिपके

प्रश्न : आमच्या बाथरूमच्या छतावर वर्षभरापासून एक पिवळसर तपकिरी डाग पसरत आहे आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके उठले आहेत. दोनदा रंग दिला, पण काही आठवड्यांतच डाग पुन्हा वर आला. वरच्या मजल्यावरचे शेजारी म्हणतात की त्यांच्याकडे कुठेही गळत नाही. ओल कोठून येते हे कसे ओळखावे आणि छत नीट कसे करून घ्यावे?

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णनावरून छतावर एक नव्हे, दोन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. तपकिरी डाग बहुधा वरून झिरपणाऱ्या पाण्याचा आहे, तर काळे ठिपके आपल्याच बाथरूममधील वाफेमुळे आलेल्या बुरशीचे असावेत. वरची गळती थांबली तरी ठिपके जाणार नाहीत, म्हणून दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

झिरपणाऱ्या पाण्याचा डाग त्याच्या कडेवरून ओळखता येतो. पाणी स्लॅबमधून, गिलाव्यातून आणि जुन्या रंगातून येताना त्यातील विरघळणारे घटक सोबत आणते, आणि ओल सुकताना ते कडेला साचत असल्यामुळे डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसते. एकात एक अशा दोन-तीन कडा दिसत असतील, तर पाणी सतत येत नसून अधूनमधून येते, असे समजावे. याउलट वाफेची ओल छताच्या सर्वांत थंड भागावर, म्हणजे बहुधा बाहेरच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात धरते. तिला ठळक कड नसते आणि तेथे बुरशीचे बारीक ठिपके विखुरलेले दिसतात.

तरीही शंका राहिली, तर डाग कोरड्या फडक्याने पुसून त्यावर दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांना चिकटपट्टी लावून बसवावे आणि दोन दिवस तसेच ठेवावे. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर ती वाफ. प्लॅस्टिकच्या आत, छताच्या बाजूला जमले तर ओल स्लॅबमधून येत आहे.

शेजारी खोटे बोलत आहेत असे मात्र धरून चालू नये. फरशीच्या सांध्यांतून उतरलेले पाणी खालच्या भरावात मुरते आणि वरून फरशी कोरडीच दिसते, त्यामुळे त्यांना खरोखरच काही दिसत नसेल. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहून ठेवावी. वर कोणी नसतानाही डाग वाढत राहिला, तर नळाच्या पाइपावर संशय घ्यावा. वरच्या आंघोळीनंतरच तो ओला होत असेल, तर दोष फरशीत, नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचे पाणी निचऱ्याच्या पाइपात नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) भोवतालच्या सांध्यात किंवा निचऱ्याच्या पाइपात असतो. तो नेमका कोठे आहे हे पाहण्यासाठी शेजाऱ्यांच्या संमतीने ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर इंचभर पाणी 24 तास साठवावे. या काळात खाली ओल वाढली, तर फरशीचे वॉटरप्रूफिंग गेले आहे. ती वाढली नाही, तर बूच काढून सगळे पाणी एकदम सोडावे आणि छताकडे लक्ष ठेवावे. आता डाग ओला झाला, तर पाइप किंवा त्याचा सांधा गळतो आहे. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग विनाकारण सगळी फरशी उखडली जाते.

दोन गोष्टींत वेळ घालवू नये. थेंब दिव्याजवळ पडत असतील, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. गंजाच्या तांबूस रेघा दिसत असतील, गिलावा फुगला असेल किंवा त्याचे तुकडे पडत असतील, तर आतली सळई गंजत आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. अशा वेळी रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला छत दाखवावे.

गळती थांबल्यावर छत पूर्ण कोरडे होऊ द्यावे, आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. सुटलेले पोपडे आणि भुसभुशीत पुट्टी खरवडून काढावी आणि पाण्यात कालवायच्या रंगाआधी डाग अडवणारा सॉल्व्हंटयुक्त प्रायमर द्यावा. आपण दोनदा दिलेला रंग वाया गेला, कारण एक तर पाणी येतच होते आणि दुसरे म्हणजे पाण्याच्या रंगात तो तपकिरी अंश विरघळून पुन्हा वर येतो.

बुरशी कोरडी असताना घासू नये, कारण तिचे बीजाणू हवेत उडतात. हातमोजे, मास्क आणि चष्मा घालून ती साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी. ब्लीच वापरायचेच असेल, तर त्यात अमोनिया किंवा टॉयलेट साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. पुढे आंघोळीनंतर वीसेक मिनिटे एक्झॉस्ट फॅन चालू ठेवावा आणि त्याची हवा फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नव्हे, थेट बाहेर जाते आहे याची खात्री करून घ्यावी.

नव्या रंगाला सुकायला काही दिवस मिळण्याआधीच गरम पाण्याची वाफ लागली, तर छतावर तपकिरी, चिकट थेंब किंवा ओघळ दिसू शकतात. ती गळती नसते. रंगातीलच काही घटक वर येतात आणि ओल्या फडक्याने पुसले की जातात.