आधी दोघंच बसा

प्रिय,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

उपासनेत गिटार आणि ड्रम नकोत म्हणून तुमच्या मंडळीचा (चर्चचा) कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठ पंचकाकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहिलं ते वाचलं, आणि तू लिहून ठेवलेलं उत्तरही. उत्तर मुद्देसूद आहे. पाठवू नकोस.

काकांच्या मजकुरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाद्यं कोणती असावीत हे एक मत. ‘आजकालच्या पोरांना देवाचं भय उरलं नाही’ हा आरोप. तुझ्या उत्तरात दोन्हींची सरमिसळ झाली आहे, आणि मंडळीतली बहुतेक भांडणं इथेच चिघळतात. मताला अपराध मानलं जातं आणि खरा घाव मताच्या वादात दबून राहतो.

मताचा प्रश्न नव्या करारातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायातला. मांस खावं की नुसती भाजी, यावर तिथे वाद होता. पौलाचं स्वतःचं मत होतं, ते त्याने लपवलंही नाही. पण तिसऱ्या वचनात तो दोघांनाही धरतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. तुझ्या उत्तरातलं ‘जुन्या काळात अडकलेले’ हे तुच्छ लेखणंच झालं. काका दोष लावतात म्हणून तुझं तुच्छ लेखणं माफ होत नाही.

आता घाव. त्यासाठी मत्तय 18:15 ते 17. भावाने अपराध केला तर काय करावं, हे येशू तिथे सांगतो: आधी दोघंच बोला, मग एकदोन जण साक्षीदार म्हणून सोबत, मग मंडळी. ग्रुपवर उत्तर देणं म्हणजे शेवटच्या पायरीवरून सुरुवात. काकांनी तीच केली, खरं आहे. पण चारचौघांत बोलणी बसलेला माणूस मुद्द्याचा विचार करत नाही, अब्रू सांभाळतो. त्यात त्याच्या बाजूने पाचदहा अंगठे उमटले की माघार घ्यायला वाटच उरत नाही.

तेव्हा फोन कर, वेळ माग, घरी जा. रविवारी उपासना सुटल्यावर आवारात गाठू नकोस. तिथे दहा कान असतात आणि पंचांचं लक्ष दानाच्या हिशेबात. जाण्याआधी काकांचं म्हणणं तीन वाक्यांत कागदावर लिही, असं की वाचून ते म्हणतील, ‘हो, हेच.’ जमत नसेल तर तुला ते अजून कळलेलं नाही, मग आधी प्रश्नच विचार. कदाचित कळेल की त्यांची तक्रार गिटारची नाहीच. ड्रमच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, मागच्या बाकांवरच्या आज्यांना गाता येत नाही. तसं असेल तर निम्मा वाद आवाज कमी केल्याने मिटतो.

ज्या भजनांसाठी ते झगडतात तीही कधीकाळी नवी होती, हे तुला माहीत आहे. इंग्रजी चालींवरच्या भाषांतरित गीतांची सवय झालेल्या मंडळीत अभंग, ओवी, कीर्तन रुजवायला ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांसारख्यांना खपावं लागलं. पण हा हुकमाचा पत्ता म्हणून टाकू नकोस. त्यांच्या लहानपणी मंडळीत काय गायचे, ते विचार.

घावाबद्दल एकच वाक्य पुरे: ‘काका, तुम्ही सगळ्यांसमोर आम्हाला देवाचं भय नाही म्हणालात, ते लागलं.’ कृती सांग, हेतू सांगू नकोस. ‘तुम्हाला आमचा रागच आहे’ म्हटलंस की ते हेतूच नाकारत बसतील.

आपल्याकडच्या काही खास खोडीही टाळ. ‘प्रीतीने सांगतो’ म्हणून सुरुवात करणाऱ्याचं पुढचं वाक्य सहसा बोचरंच असतं. ‘प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते’ म्हणत गावभर होणारी चहाडी तू ऐकलीच असशील. आणि समोरचा बसलेला असताना ‘प्रभू, यांना सुबुद्धी दे’ अशी मोठ्याने केलेली प्रार्थना हा तर देवाच्या आडून मारलेला टोला.

पहिल्या भेटीत जमलं नाही तर सोबत नेण्याचा माणूस तुझ्या गटातला नको. साक्षीदारांचा नियम जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला, 19:15. एकट्याच्या सांगण्यावरून कुणी दोषी ठरू नये म्हणून. काकांचा ज्याच्यावर विश्वास आहे असा एक जण ने.

तिसऱ्या पायरीनंतरही ऐकलं नाही तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा, म्हणजे तेव्हा लोक ज्यांना दूर ठेवत त्यांच्यासारखा समज, असं वचन म्हणतं. लोक याचा अर्थ बोलणं टाकणं असा घेतात. पण हे ज्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे तो मत्तय जकातनाक्यावरून उठून आलेला, आणि येशू असल्यांच्याच पंगतीला बसायचा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. लहान मुलांवरचा अत्याचार, बाईमाणसाची छेड, मंडळीच्या पैशांची अफरातफर यांना ही ‘आधी एकट्याने भेट’ लावायची नसते. दुखावलेल्याला गप्प बसवण्यासाठी हेच वचन वापरलं जातं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत तर 2012च्या पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळकसाहेब ‘आपसात मिटवू’ म्हणाले तरी.

काका कदाचित बधणार नाहीत. मार्क या तरुण सोबत्याला प्रवासात न्यावं की नाही यावरून पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा इतके भांडले की दोघांनी वेगळ्या वाटा धरल्या. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल त्याच मार्काला घेऊन ये म्हणतो, तो उपयोगाचा आहे म्हणतो. तुमचंही एका भेटीत मिटेल असं नाही. तोवर महिन्यातला एक रविवार पेटी-तबल्यावर घ्या, आणि त्या दिवशी तुमच्या तरुण संघाने मागे उभं न राहता पुढे बसून गावं.

ग्रुपवर आज एवढंच लिही: ‘काका, भेटून बोलतो. कधी येऊ?’

तुझा,
दादा