पाखरांची राखण : छऱ्याची बंदूक, फीत आणि जाळी

प्रश्न : रब्बीची मालदांडी ज्वारी चिकात आली आहे (दाण्यात दुधासारखा चीक भरतो आहे) आणि पोपटांचे थवे कणसं तोडून नेत आहेत. बिनपरवाना मिळणारी एअर रायफल आणून पाच-दहा पोपट टिपले, तर बाकीचे फिरकायचे थांबतील का? परदेशातले शेतकरी असे करताना व्हिडिओत पाहिले. (ज्वारी उत्पादक, बार्शी)

उत्तर : बंदूक आणू नका. ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. पण ही सूट हत्याराला आहे, शिकारीला नाही. पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. या कायद्यात जखमी करणे, पकडणे, विष घालणे, इतकेच काय, तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कावळा पूर्वी उपद्रवी, म्हणजे मारायला मोकळीक असलेल्या प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. व्हिडिओतले शेतकरी बहुधा ब्रिटनमधले असावेत. इंग्लंडमध्ये रानकबुतरासारख्या ठरावीक पक्ष्यांसाठी सरकारी सामान्य परवाना असतो, आणि त्यातही आधी इतर उपाय करून पाहायची अट असते.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर त्याची ताकद १० ज्यूल भरते, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने घटते. वाऱ्यावर डुलणाऱ्या कणसावरच्या पोपटाला तो छर्रा पंखात किंवा पोटात बसतो. पाखरू उडून जाते आणि कुठेतरी बांधाआड तडफडून मरते. थवा उठतो तो आवाजाने, आणि आवाज करायला बंदूक लागत नाही.

त्याऐवजी चकाकती फीत लावा. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने चंदेरी, रुंदी साधारण दीड सेंटिमीटर. मालदांडी उंच वाढते, म्हणून खुंट दहा फुटी घ्या आणि दीड फूट गाडा. फीत कणसांच्या फूट-दीड फूट वर राहिली पाहिजे. पानांना घासली की दोन दिवसांत तुटते. ओळी दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तिच्यावर पडते, आणि पोपट नेमके त्याच वेळी येतात. दोन खुंटांमध्ये १० मीटर, दोन ओळींमध्ये ५ मीटर अंतर. बांधताना फितीला तीन-चार पीळ द्या आणि किंचित सैल सोडा. पीळ असला की वाऱ्यावर ती लखलखते आणि घूंऽऽ असा आवाज करते. ताठ, सपाट बांधलेली फीत गप्प राहते. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर. तेरा ओळींना सव्वाआठशे मीटर फीत आणि नव्वदेक खुंट लागतील.

पाखरांनी बसून अळ्या टिपाव्यात म्हणून लावलेले पक्षीथांबे ज्वारीत असतील तर आजच उपटा. दाणा भरताना तेच पोपटांचे बसायचे ठिकाण होते.

प्रश्न : फीत गेल्या वर्षी आठ दिवस चालली, नंतर पाखरे तिला जुमानेनात. काय चुकले?

उत्तर : बहुतेक वेळा फीत फार लवकर लावलेली असते. पोटरीतच (कणीस बाहेर पडायच्या आधी) लावली तर चीक भरेपर्यंत पाखरे सरावतात. कणसात पहिला चीक दिसला की लावा, आणि हुरडा होऊन दाणा टणक होईपर्यंत ठेवा. सोबत राखण हवीच : उजाडल्यापासून दोन तास आणि मावळतीआधीचे दोन तास. राखणीच्या मचाणाची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदला. गोफणीचा नुसता फटकारा काढा, धोंडा थव्यावर सोडू नका. गावात एकट्याचीच ज्वारी मागास (उशिरा पेरलेली) असेल तर सगळा थवा तिथेच उतरतो. शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात पेरले तर नुकसान वाटले जाते.

प्रश्न : धान्य गोदामात पारवे आहेत. आत तरी एअर गन चालेल का?

उत्तर : आत तर धोका जास्तच. छर्रा छपराच्या लोखंडी कैचीवर आपटून परत येतो, डोळा जाऊ शकतो, आणि शिसे धान्यात पडते. रात्री पाखरे बाहेर काढायचा प्रयत्न नको, अंधारात ती आतच घुटमळतात. दिवसा ती चरायला बाहेर गेली की झरोके ५ सेंटिमीटर आसाच्या (भोकाच्या) जाळीने बंद करा. चिमण्याही असतील तर आस २ सेंटिमीटरपेक्षा लहान हवा. आधी घरटी तपासा. अंडी-पिल्ले असतील तर ती उडेपर्यंत तो झरोका उघडा ठेवा. दाराला प्लास्टिक पट्ट्यांचा पडदा लावा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका : पाणी शिंपडून ओली करा, तोंडाला एन-९५ मास्क लावून खरवडा. तिची धूळ फुप्फुसांना घातक असते.