गाडी नसताना किराणा आणि भाजी पायी घरी कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात पेठेत राहता, गाडी नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वाणसामान आणताना बोटं कापतात नि खांदा भरून येतो. पिशवी बदलण्याआधी यादीचं वजन करा. चौघांच्या घराला महिन्याला साधारण गहू १० किलो, तांदूळ ५, साखर ३, डाळी-कडधान्यं ४, तेल ४ लिटर (एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम) आणि साबण-पावडर २ किलो धरली, तर २७-२८ किलो होतात. हे एका खेपेत आणायचंच नाही. चार आठवड्यांत वाटलं की खेपेला ७ किलो येतात, आणि तेवढं कुणालाही झेपतं. गहू-तांदूळ घरपोच देणारा वाणी जवळ असेल तर ते त्याच्याकडूनच घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी. बाकीचं मग दोनच खेपांत येतं.

माझ्या मते ७ किलोंपैकी ४-५ किलो पाठीवरच्या सॅकमध्ये आणि उरलेले हातात, हे प्रमाण बरोबर. सॅकमध्ये तांदूळ, साखर, डाळी पाठीला चिकटून उभ्या लावा. हलका माल बाहेरच्या बाजूला. जड पुडे बाहेरच्या कप्प्यात गेले की सॅक मागे ओढते, माणूस पुढे वाकून चालतो, आणि कंबर दुखते ती त्यामुळे.

बोटं कापतात ती वजनापेक्षा बंदामुळे. दुकानात मिळणाऱ्या पिशवीचा बंद दीड-दोन सेंटिमीटर रुंद असतो. ओझं पडलं की तो दुमडून सुतळीसारखा होतो. निदान ४ सेंटिमीटर रुंद, दुहेरी कापडाचा बंद हवा. तो पिशवीला कसा जोडलाय ते उलटून बघा. नुसती एक आडवी शिवण असेल तर ती एका कडेने उसवत जाते. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई टिकते. कोपऱ्यावरचा शिंपी ती पाच मिनिटांत मारून देतो. पिशवी हातात धरून सरळ उभं राहिल्यावर तळ गुडघ्याच्या खाली जात असेल, तर जिना चढताना ती प्रत्येक पायरीला आपटणार. बंदाला गाठ मारून आखूड करा.

तेलाची पिशवी आडवी ठेवू नका. ती फुटते ती बहुधा कोपऱ्यात, चिकटवलेल्या शिवणीवर, वरून वजन आलं की. उभी ठेवा, शेजारी साबणाचे खोके लावा, आणि बाहेरून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. महाराष्ट्रात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून पिठाच्या रिकाम्या ५ किलोच्या पिशव्या धुऊन, वाळवून जपून ठेवा. पावसाळ्यात साखर आणि रवा त्यातच घालून आणायचे.

भाजीची गोष्ट निराळी. जड माल तळाला हवा म्हणून लोक कांदे-बटाटे आधी घेतात आणि मग ते चार किलो घेऊन अख्खी मंडई फिरतात. त्यांना वेगळी पिशवी ठेवा आणि ते निघताना शेवटी घ्या. दुसऱ्या पिशवीत आधी दुधी, कोबी, गाजर, मग वांगी, भेंडी, वर टोमॅटो आणि सगळ्यात वर पालेभाजी. मेथी-कोथिंबीर ओली असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर पिशवीत कोंडून घरी पोचेपर्यंत पानं काळवंडतात.

दळणाला जाताना स्टीलचा डबा नको, त्याचंच वजन फार. घट्ट विणीच्या सुती पिशवीत ५ किलो गहू न्या, पीठ त्यातच आणा, तोंड नाडीने बांधा. पीठ गरम असतं. घरी आल्यावर परातीत पसरून निवू द्या आणि मगच डब्यात भरा. गरम भरलं तर वाफ धरून गुठळ्या होतात.

चाकांची ट्रॉली-पिशवी तुमच्यासाठी मी सुचवणार नाही. सपाट रस्त्यावर ती उत्तम, पण लहान चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत आणि गटाराच्या जाळीत अडकतात, आणि तीन मजले ती सामानासकट उचलावीच लागते. जिन्यापाशी आलात की दोन्ही हातांतल्या पिशव्या एका हातात घ्या, जमत नसेल तर एक खाली शेजाऱ्यांकडे ठेवून दुसऱ्या फेरीत न्या. कठडा धरायला एक हात मोकळा हवाच.